कटिंगवाला वेगळा, कलरवाली वेगळी: तालुक्याच्या गावी जमतं का हे?

आरसेवाली
नमस्कार मंडळी. आमचं सलून यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांचं जुनं दाढी-कटिंगचं दुकान होतं. आता पुढे जेन्ट्स, मधे प्लायवूडचं पार्टिशन, मागे लेडीज. मागचा भाग आणि कलरचं काम मी सुरू केलं.

दोन कारागीर आहेत. एक मुलगा, घरात पिढीजात हाच धंदा. त्याच्या फेडसाठी (कडेनं बारीक होत जाणारा कट) शेजारच्या तालुक्यातली पोरं येतात. एक मुलगी, अमरावतीहून कोर्स करून आलेली, कलरवर तिचा हात बसलाय. आजवर जो रिकामा तो पुढचं गिऱ्हाईक घेतो, मग कटिंग असो की कलर. त्यात होतं काय, की एकाच बाईला दिवाळीला एक शेड मिळते आणि लग्नाला दुसरीच, कारण मिसळणारा हात बदललेला. लग्नसराईत तर विचारूच नका.

म्हणून मनात आहे की सरळ वाटणी करून टाकावी. कटिंग सगळं त्याच्याकडे, कलर सगळा तिच्याकडे, पुढचा भाग असो की मागचा. पण मुलगा आत्ताच कुरकुरतोय. कटिंगचे 80 रुपये, रूट टचअपचे (फक्त मुळाशी वाढलेल्या केसांना कलर) 400, हायलाइट्स (निवडक बटा हलक्या करणं) दीड हजाराच्या वर. पगारावर कामाचा टक्का मिळतो, मग तो कुठे जास्त आहे ते त्यालाही कळतं. पुढच्या भागातले काही काका मुलीच्या हातून डाय लावून घ्यायला लाजतात, मागच्या भागात काही बायकांना कटिंगला मुलगा चालत नाही. आणि सासरे म्हणतात, खुर्चीत बसलेला माणूस उठेपर्यंत एकाचाच.

पुण्या-मुंबईचं माहीत आहे. आपल्या भागात, लहान गावात कुणी असं करून पाहिलंय का?

टकलू_अध्यक्ष
माझ्यासाठी तिसरा विभाग काढा ताई, पॉलिशचा. बाकी जाणकार येतीलच. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो.

हिंगणघाटी
काहून डोक्याले ताप करून घेता ताई? आमच्या गावात एकच दादा हाय. कटिंग, दाढी, डाय, चंपी आन ग्रामपंचायतीचं राजकारण, सगळं एकाच खुर्चीवर. तुमी दोन माणसं ठेवान त राजकारण कोणाकडं देसान ते पयले ठरवा.

पुण्यातला_पुसदकर
विषय चांगला आहे. मी पुण्यात दोन मोठ्या सलूनचा हिशेब पाहतो, त्यामुळे पैशाच्या बाजूनं बोलतो.

ही वाटणी आजची नाही. लंडनचे विडाल सासून (1928–2012) यांनी 1954 मध्ये बाँड स्ट्रीटवर पहिलं सलून उघडलं. त्यांचं नाव झालं ते नेमक्या भौमितिक कटसाठी, पण त्यांच्या सलूनमध्ये कटिंग आणि कलर हे दोन वेगळे विभाग आणि त्यात वेगळी माणसं, ही पद्धतही रुजली. शिकणारा एक बाजू निवडतो आणि त्यातच मुरतो. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या साखळी सलूननी ती थोडीफार उचलली.

याचा खरा फायदा वेळेत आहे. कलर लावला की तो अर्धा-पाऊण तास डोक्यावर राहणार. तेवढा वेळ कलर लावणारा मोकळा असतो. एकच माणूस सगळं करत असेल तर तो मधेच कुणाची तरी दाढी घेतो, दाढी लांबते, इकडे कलरची वेळ टळते. वेगळा माणूस असला की तो दुसऱ्या डोक्याला कलर लावतो, पहिल्याची वेळ घड्याळावर ठेवतो, आणि कटिंगची खुर्ची आपली चालू राहते. तुमच्याकडे दिवसाला कलरची गिऱ्हाइकं किती? पाच-सहाच्या पुढे असतील तर वाटणी परवडते. दोन असतील तर मुलगी दिवसभर मोबाईल पाहत बसेल.

सोयाबीनवाला
पुसदकर, हिशेब बरोबर, पण तुमचं कॅलेंडर पुण्याचं. इकडे कलरची गिऱ्हाइकं कापसाचे पैसे आले की येतात. दिवाळी, मग तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई. श्रावणात अर्धे लोक दाढी-कटिंग करत नाहीत, पितृपक्षात तेच. त्या दिवसांत कलरवालीला पगार कुठून देणार?

आरसेवाली
@पुसदकर, सरासरी नाही सांगता येत, तुम्हाला सोयाबीनवाल्यांनी उत्तर दिलंच आहे. लग्नसराईत दिवसाला आठ-दहा, श्रावणात एखादं. शनिवारी तर कटिंगलाही कुणी येत नाही, सोमवारी दुकान बंद.

वस्तरा_आणि_वारी
नाभिक समाजातला आहे, वाशिम जिल्ह्यातला. वडील अजून गावात दुकान चालवतात. मी शिकून नोकरीला लागलो, तरी सुट्टीच्या दिवशी कैची हातात घेतो.

पुसदकरांनी सगळं नीट सांगितलं, फक्त एक सोडून. वाटणी केली की दोन्ही हात सारखे राहत नाहीत. आजोबा बलुत्यावर काम करायचे. खळ्यावर ज्वारी मिळायची, वर्षभर अख्ख्या घराचे केस. पुढे पैसा आला, दुकान आलं, भिंतीवर सेना महाराजांचा फोटो आला. आता एसी आला, 'स्टुडिओ' आला, आणि कलर आला. या कलरमध्ये जो पैसा आहे तो नवीन आहे, आणि तो शिकायला फी लागते, शहरात राहावं लागतं. ज्याच्या घरात कैची पिढीजात आहे त्याच्याकडे बहुतेक वेळा ती फी नसते. म्हणजे वाटणी अशी होते: 80 रुपयांचं काम आमच्या पोराकडं, दीड हजाराचं काम अकॅडमीवाल्याकडं. मग मालक म्हणतो, 'तू कटिंगचा मास्टर आहेस.' मास्टर म्हणायचं आणि टक्का दुसऱ्याला द्यायचा.

ताई, तुमच्यावर आरोप नाही. तुमचा मुलगा कुरकुरतोय त्याचं कारण मला असं दिसतं, एवढंच.

हिंगणघाटी
वस्तराभाऊ, बराबर बोलले तुमी. 🙏

मेकअपवाली_वरूड
मी वरूडला पार्लर चालवते आणि आमच्याकडे हे केलेलं आहे, त्यामुळे मुद्द्याचं सांगते.

कटिंग बिघडलं तर केस वाढतात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, थोडं जास्तच. कलर बिघडला तर तो दुरुस्त करायला आणखी केमिकल लागतं. म्हणून माझ्याकडे कटिंग तीन मुली करतात, पण कलर मिसळण्याचा अधिकार एकीलाच. लावायला कुणीही लावतं. मिसळायला एकच.

आपल्याकडची खरी पंचाईत काळ्या मेंदीची आहे. बाई दहा वर्षं पाकिटातली काळी मेंदी लावते, मुलीचं लग्न ठरलं की येते आणि म्हणते, मला ते ब्राउन करून द्या. आता कलरवर कलर टाकून केस उजळत नाहीत. आधीचा काळा आहे तो आहेच; वर ब्राउन लावला तर मुळाशी नवीन आलेले केस ब्राउन किंवा तांबूस होतात आणि खाली कोळसा तसाच. उजळायचा तर ब्लीच करावं लागतं, आणि काळ्याचं ब्लीच केलं की आधी लाल, मग केशरी, मग पिवळं. केशरीवर थांबलात तर लग्नाच्या मांडवात नवरीच्या आईचा फोटो पाहा. काही पाकिटांमध्ये धातूचे क्षार असतात, त्यांच्यावर कलर-ब्लीचमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड पडलं की केस गरम होतात, तुटतात. म्हणून एक बारीक बट कापून वाटीत घालून आधी पाहायची. हे ज्याला माहीत नाही त्यानं ब्लीचच्या डब्याला हात लावू नये, मग तो कितीही चांगला कटिंगवाला असो.

आणि वाटणी केलीत तरी वही एकच ठेवा. वही नसेल तर वाटणीला काही अर्थ नाही.

टकलू_अध्यक्ष
'केशरीवर थांबलात तर' हे वाचून एका पक्षाच्या कार्यकर्त्याला टॅग करायची फार इच्छा झाली. आवरली.

संपादक_मंडळ
अध्यक्ष, आवरलीत ते बरं केलंत. राजकारण वेगळ्या धाग्यावर.

हिंगणघाटी
पाहा, मी म्हनलं होतं न, राजकारण कोणाकडं द्याचं ते पयले ठरवा.

त्वचेची_डॉक्टर
या धाग्यावर यायचं नव्हतं, पण काळी मेंदी दिसली आणि राहवलं नाही.

काळ्या डायमध्ये आणि काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पाकिटांमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. साध्या खऱ्या मेंदीनं केस काळे होत नाहीत, तांबूस होतात. काळं होतंय म्हणजे आत आणखी काहीतरी आहे. याची ॲलर्जी येणारे पेशंट माझ्याकडे दर लग्नसराईत येतात. डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, कानामागे पाणी सुटलेलं, कपाळावर पुरळ. आणि सगळे एकच म्हणतात, 'मॅडम, इतकी वर्षं लावतोय, कधी काही झालं नाही.' ॲलर्जी अशीच येते. शरीर वर्षानुवर्षं सहन करतं आणि एक दिवस करत नाही. म्हणून पॅच टेस्ट दर वेळी: कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून 48 तास पाहायचं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही कलरचं सगळं काम एका मुलीकडे देणार. म्हणजे पीपीडी, अमोनिया, पेरॉक्साइड, ब्लीचची पावडर आणि दिवसभर ओले हात, हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला. केशकर्तनाच्या धंद्यात हाताचा एक्झिमा (खाज आणि भेगांचा त्वचारोग) फार दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2010 मध्ये केशकर्तनकाराच्या कामातला संपर्क 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवला आहे. घरी स्वतःचे केस रंगवणाऱ्यांबाबत मात्र तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. घाबरवायला सांगत नाही. जो रोज हाताळतो त्याचा आणि जो महिन्यातून एकदा लावून घेतो त्याचा, दोघांचा धोका वेगळा आहे एवढंच. हातमोजे नायट्राइलचे, प्रत्येक डोक्याला नवीन. धुवून पुन्हा वापरलेला मोजा आतून कलर धरून ठेवतो, तो वापरू नका. आणि खिडकी. पार्टिशनच्या मागे खिडकी आहे का?

आरसेवाली
खिडकी आहे, पण शेजारच्या हॉटेलच्या भट्टीकडे उघडते म्हणून बंदच असते. 😐 एक्झॉस्ट बसवते.

डॉक्टर, हाताचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मुलीच्या बोटांना भेगा पडतात, ती ग्लिसरीन लावते आणि आम्ही सगळे म्हणतो, थंडी आहे.

ढेपाळलेला_मास्तर
थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

न्हाव्याच्या कामाची वाटणी हा फार जुना तंटा आहे. इंग्लंडमध्ये न्हावी आणि शल्यविशारद एकाच धंद्यातले मानले जात. 1540 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात कायद्यानं दोघांची एक संघटना केली, आणि त्याच कायद्यात वाटणीही केली: न्हाव्यानं रक्त काढणं आणि दात उपटणं यापलीकडे शस्त्रक्रिया करायची नाही, आणि शल्यविशारदानं दाढी करायची नाही. संघटना एक, काम दोन. ते फार काळ गुण्यागोविंदानं चाललं असं नाही. 1745 मध्ये शल्यविशारद वेगळे झाले. पुढे त्यांचं काय झालं आणि न्हाव्यांचं काय झालं हे आपण डॉक्टरांच्या फीवरून ओळखू शकतो (वरच्या डॉक्टरताईंनी हलके घ्यावे).

आपल्याकडे गावच्या न्हाव्याकडे तर याहून जास्त कामं. लग्नाची आमंत्रणं, मालिश, रात्रीच्या वरातीत मशाल, आणि त्याच्या बायकोकडे नवरीची न्हाणी. हळूहळू एकेक काम दुसऱ्यांनी नेलं.

वस्तरा_आणि_वारी
मास्तर, 'नेलं' म्हणता, काही कामं आम्ही स्वतः टाकलीही आहेत. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. कोणतं काम करायचं आणि कोणतं नाही हे कारागिरानं ठरवलं. आता मालक ठरवतो, हा फरक आहे.

बाकी 1745 चा दाखला माझ्याच बाजूचा निघाला. वाटणी झाली, एकाची फी वाढली.

वकील_वणीकर
वाटणीवरून आठवलं. चित्रपटसृष्टीत मुंबईच्या संघटनेचा अनेक वर्षं नियम होता की मेकअप पुरुषच करणार आणि बायकांनी फक्त केशभूषा करायची. चारू खुराणा नावाच्या मेकअप कलाकार सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर 2014 मध्ये न्यायालयानं हा नियम घटनाबाह्य ठरवला. तिथं कामाची वाटणी कौशल्यावर होती असं सांगितलं जायचं, प्रत्यक्षात ती कोण पुरुष आणि कोण बाई यावर होती.

आरसेवालीताई, तुमची वाटणी तशी नाही हे कळतं. पण उद्या दुसरी मुलगी ठेवलीत आणि तिला फेड करायचा असला, तर 'कटिंग पोराचं काम' असं दुकानात रुळलेलं असेल. नियम माणसाच्या नावानं करू नका, येणाऱ्या कामावर करा.

निळू_पांढरकवडा
गिऱ्हाईक म्हणून लिहिते. मला दोन माणसं नकोत.

नागपूरच्या एका सलूनमध्ये (नाव नको) एकीनं कलर केला, मग दुसऱ्यानं कट केला. पुढच्या बाजूला चेहऱ्यालगत हायलाइट्स हौसेनं घेतले होते. कटवाल्यानं तिथेच लेयर काढले आणि पैसे मोजलेले हायलाइट्स फरशीवर. दोघं एकमेकांकडे बघत होते. बिल मात्र एकच होतं आणि ते पूर्ण होतं. सासरे बरोबर बोलतात, खुर्चीत बसलेला माणूस एकाचाच असावा.

पुण्यातला_पुसदकर
निळू, ते वाटणीमुळे झालं नाही, आधी कुणी बोललंच नाही म्हणून झालं. चांगल्या ठिकाणी दोघं गिऱ्हाइकासमोर एकत्र उभे राहून ठरवतात: लांबी किती जाणार, लेयर कुठे, मग कलर कुठे. लांबी बरीच काढायची असेल तर आधी ढोबळ कटिंग, मग कलर, मग शेवटचा हात. उगाच कापल्या जाणाऱ्या केसांना ट्यूब कशाला घालवायची?

@वस्तरा, तुमचा मुद्दा मान्य, पण उपाय काय? कलर सगळ्यांनी केला तर मेकअपवाली म्हणतात तसं मांडवात केशरी.

वस्तरा_आणि_वारी
उपाय सोपा. पोराला कलर शिकवायचा खर्च मालकानं करायचा. केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 धंद्यांत नाभिक आहे, प्रशिक्षणात रोजचे 500 रुपये मिळतात, 15,000 चं टूलकिट आहे, कर्ज आहे. आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स आहे. पण तिथं शिकून आला तरी हात बसायला दुकानातलंच डोकं लागतं. ते डोकं त्याला मिळणार नाही असा नियम केला तर तो जन्मभर फेडच करणार.

आणि पुसदकर, पुण्यात जो कटिंगवाला आहे त्याचा दर किती? चार आकडी. तिथं कटिंग हे कलरइतकंच महाग कौशल्य आहे. इथं कटिंग 80 रुपये. वाटणी तिथं दोन सारख्या माणसांत होते.

पुण्यातला_पुसदकर
हे मात्र खरं आहे. या बाजूनं मी विचार केला नव्हता.

टकलू_अध्यक्ष
धाग्यावर कुणीतरी कुणाचं तरी ऐकलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

खारपाणी_दर्यापूर
कुणी पाण्याबद्दल बोलेना म्हणून मी बोलतो. आमचा खारपाण पट्टा. बोअरचं पाणी इतकं खारट की साबणाला फेस येत नाही, ढोरंसुद्धा तोंड फिरवतात. आमच्या गावातल्या पार्लरवाल्या ताई कलर धुवायला नळाचं, म्हणजे पाणीपुरवठा योजनेचं पाणी टाकीत साठवून ठेवतात. एकदा नळ आला नाही तर त्या दिवशी कलर बंद, कटिंग चालू. त्यांच्याकडे वाटणी अशी आपोआप पडलेली आहे. बोअरच्या पाण्यानं धुतलं की केस राठ होतात आणि गिऱ्हाईक म्हणते, तुमचा कलरच डुप्लिकेट.

सोयाबीनवाला
मे महिन्याबद्दलही कुणी सांगा. टिनाच्या दुकानात 45 अंशाला पेरॉक्साइडची बाटली फुगते.

मेकअपवाली_वरूड
हो, फुगते. उन्हानं पेरॉक्साइडचं आतल्या आत विघटन होतं आणि ऑक्सिजन सुटतो. अशी बाटली वापरू नका, त्याची ताकद गेलेली असते. आम्ही माठाच्या बाजूला, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. लोडशेडिंगमध्ये फ्रीजचा भरवसा नाही. उकाड्यात कलर लवकर चढतो हेही लक्षात ठेवा. जानेवारीत ज्या डोक्याला पस्तीस मिनिटं लागली त्याला मेमध्ये मधेच पुसून पाहायचं. हे पुन्हा तेच, एका माणसाच्या नजरेत असलेलं बरं.

आरसेवाली
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. टक्क्याचं मात्र कुणी बोललं नाही. सध्या दोघांनाही पगार आणि केलेल्या कामावर पंधरा टक्के. कलरची ट्यूब, डेव्हलपर (त्यात मिसळायचं पेरॉक्साइड), फॉइल सगळं माझं. वाटणी केली तर हे कसं बसवायचं?

मेकअपवाली_वरूड
आधी मटेरियल वजा करा, मग टक्का काढा. रूट टचअप 400, त्यात माल समजा 120. उरले 280. टक्का या 280 वर. कटिंगला माल जवळजवळ नाहीच, ब्लेड आणि पावडर, म्हणून तिथं टक्का जास्त ठेवता येतो. तुम्ही दोन्हीला पंधरा देता म्हणजे कटिंगवाल्यावर अन्याय होतो आणि कलरवर तुमचाच तोटा होतो.

आणि एक गोष्ट आमच्याकडे फार उपयोगी पडली. कलर विकला जातो कटिंगच्या खुर्चीवर. 'ताई, इथं दोन बटा हलक्या केल्या तर कट उठून दिसेल,' हे कटिंग करणाराच सांगू शकतो. त्यानं गिऱ्हाईक पाठवलं तर त्या कलरच्या बिलातला थोडा हिस्सा त्याचा. तेव्हापासून आमच्याकडे कटिंगवाली आणि कलरवाली यांचं भांडण फक्त पंख्यावरून होतं.

हिंगणघाटी
पॅच टेस्टचं डॉक्टरबाईनं सांगतलं ते पटलं, पण खेड्यावरची बाई 48 तासांनं पुन्हा यस्टीनं येईन काय? नाई येत. माझी वयनी जाते त्या पार्लरमंदी काय करतात, बाजारच्या दिवशी बाई आली की कानामागं टेस्ट लावून देतात, आन पुढच्या बाजाराले कलर. खाजलं त बाई फोन करते. मंग कलर क्यान्सल, नुसती कटिंग.

त्वचेची_डॉक्टर
हिंगणघाटी, हे उत्तम आहे! 48 तासांपेक्षा आठवडा बरा, कारण काहींना पुरळ तीन-चार दिवसांनी उठतं. फक्त टेस्ट निर्दोष आली म्हणून पुढच्या वर्षी टेस्टच करायची नाही, असं नको.

वकील_वणीकर
लाजणाऱ्या काकांचं काय ठरलं?

टकलू_अध्यक्ष
काका लोकांना लाज मुलीची वाटत नाही. पांढरे केस आहेत हे गावासमोर कबूल करायची वाटते. पुढच्या भागात काचेतून रस्ता दिसतो ना? त्यांना पार्टिशनच्या आड बसवा, कुणाच्याही हातून लावून घेतील.

सोयाबीनवाला
अध्यक्षांचा हा पहिला उपयोगी प्रतिसाद.

आरसेवाली
अध्यक्ष, तुम्ही थट्टा केलीत, पण काल खरंच तसं केलं. एक गुरुजी, दर महिन्याला मुलाकडूनच डाय लावून घेणारे. मागे कोपऱ्यात खुर्ची दिली, मुलीनं लावला, त्यांनी पेपर वाचला, पैसे दिले, गेले.

काय ठरवतेय ते सांगते, चुकत असेल तर बोला. मिसळणं फक्त मुलीकडे, पुढचं डोकं असो की मागचं. ब्लीचही तिच्याकडे. लावायचं काम दोघांनी, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा भार वाटला जाईल आणि मुलगा शिकेलही. तिनं मिसळून दिलेलं तो पुढच्या भागात लावणार, वेळ ती पाहणार. कटिंग दोघंही करणार, पण फेड त्याचाच आणि फेडचा दर 120. सासऱ्यांना हा दर पटलेला नाही, ते म्हणतात गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. मुलाला पटलाय. :)

श्रावणात दोघांचा पगार तोच राहील, टक्का कमी येईल. त्याच महिन्यात त्याला कलर शिकायला पाठवायचा विचार आहे, खर्च माझा. तो परत आला की दिवाळीनंतर पुन्हा वाटणी पाहू.

वस्तरा_आणि_वारी
ताई, यात मला काही खटकत नाही. एकच सांगतो. शिकायला पाठवण्याआधी त्याच्याशी किती दिवस तुमच्याकडे राहणार हे स्पष्ट बोलून घ्या, कागदावर नको, घरच्यांसमोर. शिकून आला आणि समोरच्या दुकानात गेला तर तुम्हीही परत कुणाला पाठवणार नाही.

पुण्यातला_पुसदकर
120 बरोबर आहे. फेडला अर्धा तास जातो. चार गिऱ्हाइकं कमी झाली तरी चालेल.

निळू_पांढरकवडा
आणि माझे हायलाइट्स?

आरसेवाली
निळू, या. आधी दोघं समोर उभे राहतील, मग कैची. 😄

मेकअपवाली, वहीत नेमकं काय लिहिता ते सांगाल का? आज नवीन वही आणली आहे, रकाने पाडायचे आहेत.

मेकअपवाली_वरूड
नाव, गाव, तारीख. पॅच टेस्ट कधी केली, काय झालं. आधी काय लावत होती (काळी मेंदी असेल तर लाल पेननं). पांढरे केस अंदाजे किती: पाव, अर्धे, सगळे. शेड नंबर, ट्यूब किती ग्रॅम. डेव्हलपर किती टक्क्यांचा. पांढरे झाकायला आम्ही बहुतेक वेळा सहा टक्के, म्हणजे 20 व्हॉल्यूम वापरतो. किती मिनिटं ठेवला. कुणी मिसळला, कुणी लावला, दोन्ही नावं. शेवटी शेरा: मुळाशी जास्त चढला, टोकाशी कमी, असं काही.

खारपाणींचं वाचल्यापासून मी एक रकाना वाढवलाय, घरी केस धुवायला बोअर की नळ. महिन्याभरात कलर फिका पडला अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या नावापुढे बोअरच निघतंय.

खारपाणी_दर्यापूर
मग त्यांना शेवटचा तांब्या तरी नळाच्या नाहीतर पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा घ्यायला सांगा. आमच्याकडच्या ताई तेच सांगतात.